भारीतलं डिझेल

आमच्या दवनीवाड्यात रत्नपाल नावाचे दोघं आहेत. एक शाळेत मास्तर आहे, म्हणून तो रत्नपाल मास्तर. दुसरा मी. मला लोक टर्बो म्हणतात. हे नाव मला कुणी दुष्टपणाने दिलेलं नाही. मीच दोन वर्षं गावभर तो शब्द इतका वाटत फिरलो की शेवटी तो परत येऊन मलाच चिकटला.

बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. गोंदियाच्या राइस मिलांचा तांदूळ नागपूर, रायपूर, कधी थेट विशाखापट्टणमपर्यंत पोचवला. दोन हजार सहा साली स्वतःचा ट्रक घेतला. जुनाच, पण तब्येतीने बरा. रायपूरच्या एका सरदारजीचा होता. ट्रकच्या समोरच्या जाळीवर पितळी रंगात 'TURBO' अशी इंग्रजी अक्षरं होती, आणि खरं सांगायचं तर मी ट्रक नाही, ती अक्षरं विकत घेतली. सरदारजीने किल्ली देताना विचारलं, "टर्बो गाडी पहले चलाई है ना? पता है सब?"

मी म्हणालो, "पता है, पता है."

माझ्या आयुष्यातली बरीच संकटं या उत्तरापासून सुरू झालेली आहेत.

मला काहीच माहीत नव्हतं. आधीचे सगळे ट्रक साधे होते. पण घरी ट्रक आणला त्या दिवशी शेजारपाजारचे जमले, कुणीतरी विचारलं टर्बो म्हणजे काय, आणि बारा वर्षांच्या ड्रायव्हरला गप्प बसणं शोभलं नसतं. मी सांगून टाकलं की आत एक दुसरं छोटं इंजिन असते, चढ आला की ते उठते.

माझी बायको अल्का दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग सपाटीवर ते झोपून राहते का?"

"होय," मी म्हणालो.

"आपल्या घरच्या माणसासारखंच हाय."

लोक हसले. मीही हसलो, पण दुसऱ्या इंजिनाची गोष्ट काही मागे घेतली नाही. उलट आता ते इंजिन दाखवणं भाग होतं. केबिनच्या मागे उजव्या अंगाला एक मोठा गोल काळा डबा बसवलेला होता, तीन कड्यांनी झाकण आवळलेलं, वरून एक जाड नळी आत गेलेली. जुन्या ट्रकवर मी असा डबा पाहिला नव्हता. हाच टर्बो, मी ठरवलं. गोंदियाला जाऊन पेंटरकडून त्यावर पिवळ्या रंगात लिहून घेतलं: 'टर्बो. हात लावू नये.' रोज सकाळी मी तो डबा ओल्या फडक्याने पुसायचो. अल्काची ओट्यावरची भांडीसुद्धा एवढी चमकत नसतील.

सीटखाली गाडीसोबत आलेलं पुस्तक होतं, हिंदीतलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. अल्का दहावी झालेली. तिने एकदा ते काढून म्हटलं, "वाचून दाखवू का? चित्रंबी हायेत."

मी म्हणालो, "पुस्तक वाचून ट्रक चालत नसते."

ज्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा हातात पुस्तक घेतलेला फोटो आहे, त्या घरात मी हे वाक्य बोललो. त्याच फोटोखाली बसून बोललो. अल्काने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक परत पिशवीत घातलं.

आता डिझेलचं सांगतो. गोरेगाव रोडवरच्या ज्या पंपावर मी डिझेल भरायचो, तिथे दोन हजार सातच्या सुमाराला एक नवीन मशीन बसलं. त्याचा रंग वेगळा, पाइप वेगळा, आणि त्यावर चकचकीत अक्षरं. पंपावर राजदीप नावाचा मिशीवाला माणूस होता. त्याने मला विचारलं, "साधं टाकू का प्रीमियम?"

माझ्यामागे भूपेंद्र पटले उभा होता. भूपेंद्र आणि मी एकाच मालकाकडे ड्रायव्हर होतो, आणि त्यानेही त्याच वर्षी स्वतःचा ट्रक घेतला होता. त्याचा माझ्यापेक्षा जुना, बिनटर्बोचा, पुढून एक दिवा फुटका. तो राजदीपला म्हणाला, "काय फरक हाय गा दोघात?"

राजदीप म्हणाला, "कंपनीवाले सांगतात का इंजिन आतून साफ राहते. मी तं सायकलवर येतो, मले काय माहीत."

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. मी म्हणालो, "टर्बोले प्रीमियमच लागते."

"कोनं सांगलं?" भूपेंद्रने विचारलं.

"ज्याच्यापाशी टर्बो हाय त्याले सांगा लागत नाई."

राजदीपने प्रीमियम भरलं. लिटरमागे फरक फार नव्हता, पण ट्रक काही लिटरभर पीत नाही. मी पंपावरून निघालो आणि मला लगेच जाणवलं की गाडी हलकी झाली. आवाज मऊ झाला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. गावात येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. आज विचार करतो तेव्हा एवढंच खरं वाटतं की त्या दिवशी गाडी रिकामी होती.

त्याच वर्षी मला कोंड्याचं काम मिळालं. भात गिरणीत सडलं की वरचं टरफल निघते, तो कोंडा. नवेगाव बांध आणि अर्जुनीकडच्या मिलांमधून तो भरायचा आणि गोंदियाजवळच्या एका कारखान्यात बॉयलरला जाळायला पोचवायचा. कोंड्याला वजन नसते, पण त्याला जागा फार लागते. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा माल बाहेर येतो. आणि तो उडतो. कानात, डब्यातल्या भाजीत, बनियनच्या आत. घरी आलो की अल्का मला आंगणातच उभं करायची आणि झाडूने झाडायची.

काही महिन्यांनी ट्रक दमायला लागला. चढावर काळा धूर, पायाखालचा दाब पूर्ण, आणि गाडी जागच्या जागी कण्हत उभी. मी विचार केला, डिझेलमध्ये काहीतरी कमी पडते. तोवर मी कधी साधं, कधी प्रीमियम असं मिसळून भरत होतो. आता पूर्ण प्रीमियम सुरू केलं. फरक पडला नाही. मग मला वाटलं, टाकीच्या तळाशी जुन्या साध्या डिझेलचा अंश राहिला असेल. मी टाकी खाली उतरवली, धुतली, उन्हात वाळवली आणि पुन्हा प्रीमियमने भरली. साध्या डिझेलचा विटाळ काढत होतो मी, रत्नपाल शहारे, ज्याच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात जाऊन असल्या सगळ्या गोष्टी सोडून दिल्या होत्या.

कोहमाऱ्याहून गोंदियाकडे येताना मुरदोलीचं जंगल लागते आणि तिथे चढ आहे. फार मोठा नाही. पण माझी गाडी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये रडायची. एकदा भूपेंद्रचा ट्रक मागून आला, धानाची पोती भरलेला, आणि माझ्या बाजूने आरामात निघून गेला. वर चहाच्या टपरीवर तो माझी वाट पाहत बसला होता. मी पोचलो तोवर त्याचा चहा पिऊन झाला होता.

"काय गा टर्बो," तो म्हणाला, "आज दुसरं इंजिन उठलं नाई का?"

त्याच आठवड्यात मी फुलचूर नाक्यावर छोटेलाल मिस्त्रीकडे गेलो. छोटेलाल कमी बोलणारा माणूस. त्याने इंजिन सुरू करायला लावलं, धूर पाहिला, कान दिला.

"तेल का मामला नहीं है," तो म्हणाला. "गाडी छोड दो एक दिन. खोल के देखता हूँ."

असं म्हणत त्याने पहिला हात घातला तो माझ्या चमकत्या डब्याला. मी त्याचं मनगट धरलं.

"इसको हात मत लगाओ."

त्याने पिवळी अक्षरं वाचली. "किसने लिखवाया?"

"कंपनीने."

"कंपनी मराठी में लिखती है?"

मी गाडीत बसलो आणि निघालो. वाटेत स्वतःला पटवून दिलं की छोटेलालला काम काढायचं आहे. त्याला विचारता आलं असतं की हा डबा काय आहे. पण मग मला माहीत नाही हे त्याला कळलं असतं, मग भूपेंद्रला, मग गावाला. त्यापेक्षा काळा धूर बरा वाटला. असं मी दीड वर्ष काढलं. डोक्यात हवा भरून फिरत होतो.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाईंची, मंदाबाईंची, तब्येत बिघडली. त्या नवेगाव बांधला एकट्या राहायच्या. तिथल्याच मिलमध्ये त्यांनी बावीस वर्षं काम केलं, जिथे कोंडा उडून बाहेर पडतो त्याच जागी, चाळणीपाशी. छातीचा त्रास तिथून लागला. गोंदियाच्या डॉक्टरकडे दर दोन महिन्यांनी यायच्या. त्या दिवशी मी तिकडे कोंडा भरायला गेलोच होतो, तर अल्काने फोनवर सांगितलं, "मायले बसनं नोको येऊ देजा. तुमच्यासंगं आना."

मंदाबाई म्हणजे पाच फुटांपेक्षा कमी उंचीची, बारीक बाई. त्यांना केबिनमध्ये चढवायला मला खालून उचलावं लागलं. हातात कापडी पिशवी, त्यात गोळ्या आणि तोंडात मारायचा दम्याचा फवारा. कोहमाऱ्याच्या पंपावर मी प्रीमियम भरलं आणि त्यांना म्हणालो, "मामी, आज तुमच्यासाठी भारीतलं टाकलं."

"मी पिनार हावो का ते?" त्या म्हणाल्या.

मुरदोलीचा चढ लागला. गाडी नेहमीप्रमाणे कण्हायला लागली. मी दुसरा गिअर टाकला. मागे काळा धूर. मंदाबाई खिडकीपाशी बसून ऐकत होत्या. मला वाटलं त्यांना भीती वाटते.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "याले दम लागून राहिला."

"चढ हाय ना मामी."

"चढाचा नाई. मले लागते तसा लागून राहिला. आत घ्याले जाते अन् आत जातच नाई." त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवलं. "हा सास कुठून घेते?"

ड्रायव्हरीच्या पंधराव्या वर्षी मला कुणी विचारलं की ट्रक श्वास कुठून घेतो, आणि मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, "इंजिन हाय ते मामी, त्याले काय सास."

"आमच्या मिलचं इंजिन असंच करे. मिस्त्री येऊन त्याची जाळी काढे अन् आपटे. मंग चाले. उतरवा मले."

मी गाडी बाजूला घेतली. चाकाखाली दगड लावले. मंदाबाईंना उतरवलं. त्या गाडीच्या कडेने हळूहळू चालत गेल्या आणि डब्यापाशी थांबल्या. प्रौढशिक्षणाच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. टर्बो. हात. लावू. नये. मग म्हणाल्या, "उघडा."

"मामी, तुटलं तं?"

"आता काय मोठं धावून राहिलं हाय?"

मी तिन्ही कड्या उघडल्या. झाकण निघेना, पान्याने ठोकलं तेव्हा निघालं. आत एक गोल नळकांडं होतं, बारीक चुण्या घातलेल्या जाड कागदाचं. चुण्या असणार, एवढं मला बोटाने खरवडल्यावर कळलं. वरून ते लाकडाच्या ओंडक्यासारखं गुळगुळीत दिसत होतं. दीड वर्षाचा कोंडा आणि धूळ त्यात दाबून बसली होती. हा हवेचा फिल्टर होता. जुन्या गाड्यांचा फिल्टर वेगळा, तेलाच्या वाटीतला. तो मी शेकडो वेळा साफ केला होता. हा मी रोज बाहेरून पुसला होता.

मला आधी लाज वाटायला हवी होती. पण मला आनंद झाला. रोग सापडला या खुशीत मी ते नळकांडं उचललं आणि टायरवर आपटलं. जोरात, चार-पाच वेळा. कोंड्याचा ढग उठला. वारा कुठून वाहतो हे पाहायचं मला सुचलं नाही. ढग सरळ मंदाबाईंच्या अंगावर गेला.

त्या आधी खोकल्या. मग खोकताही येईना. टायरला टेकून खाली बसल्या, मान पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी पिशवी आणायला केबिनमध्ये चढलो, फवारा काढून दिला. एकदा मारला, दोनदा मारला. ओठ निळे पडायला लागले होते. रस्त्यावर दोन्हीकडे एकही गाडी नव्हती.

मी फिल्टर जागेवर घातला, झाकण आवळलं, मंदाबाईंना उचलून सीटवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. ज्या चढावर मी दीड वर्ष रडलो होतो, तो चढ गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. ओढत नव्हती, धावत होती. अशी गाडी आपल्याकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळून घ्यायला माझ्याकडे वेळ नव्हता. मंदाबाईंनी डोळे मिटले होते. श्वासाच्या शिट्टीतून त्यांनी एकच शब्द काढला.

"चढला."

गोरेगाव मागे गेलं. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. ताडपत्रीची एक दोरी सुटली आणि मागे रस्ताभर कोंडा उडत होता. गोंदियाला दवाखान्याच्या फाटकात ट्रक आडवा लावला, चौकीदार ओरडत आला, मी त्यांना दोन्ही हातांवर घेऊन आत पळालो. ऑक्सिजन लावला, सुई दिली. अर्ध्या तासाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला तेव्हा मी पहिल्यांदा बाकावर टेकलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "यांना धुळीत कुणी नेलं? कागदावर स्पष्ट लिहिलंय, धूळ नको."

"मीच उडवली," मी म्हणालो.

"घरी धानाची उडवणी होती का?"

खरं सांगायला टर्बोपासून सुरुवात करावी लागली असती. मी मान हलवली.

"सासूला दमा असताना उडवणीला बसवता?"

मी पुन्हा मान हलवली. जे केलं त्यापेक्षा हे बरं दिसत होतं.

अल्का दुपारी आली. तिला मी सगळं सांगितलं, अगदी छोटेलालचं मनगट धरल्याचंसुद्धा. ती आईजवळ जाऊन बसली. तासाभराने बाहेर आली, ट्रकची किल्ली मागितली, आणि सीटखालचं ते पुस्तक घेऊन परत आली. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने ते मला वाचून दाखवलं. सगळं, पहिल्या पानापासून. हवेच्या फिल्टरचं चित्र होतं, डब्यावर बाण मारलेला. धुळीच्या कामात फिल्टर वरचेवर पाहावा असं जाड अक्षरात लिहिलेलं. खऱ्या टर्बोचंही चित्र होतं. गोगलगाईसारखी एक लहान वस्तू, इंजिनाला खाली चिकटलेली. तिच्यावर मी कधी फडकं फिरवलं नव्हतं. आणि डिझेलबद्दल एकच ओळ: पंपावर मिळतं ते साधं, स्वच्छ डिझेल वापरावं.

"यात प्रीमियमचं काई लिवलं नाई," अल्का म्हणाली.

"तेव्हा निघालं नसन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाच पुढं."

मंदाबाई चार दिवस दवाखान्यात राहिल्या. मला वाटलं होतं, त्या माझ्याकडे पाहणार नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं की नवा घातला का त्याच्यात. मी म्हणालो, आज जातो. त्या म्हणाल्या, "जुनाच आपटून आपटून नोको चालवू. आमच्या मिलमालकानं बावीस वर्षं तेच केलं." मग म्हणाल्या, "तोंडाले बांधाले फडकंबी नोयतं देल्लं कोनं."

मी त्यांचा जावई चौदा वर्षं होतो. मिलमध्ये त्या नेमकं काय करायच्या, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

छोटेलालकडे गेलो तेव्हा मी आधीच हात जोडले. त्याने हसण्याचे कष्ट घेतले नाहीत. फिल्टर बदलला, खालची गोगलगाय उघडली. हवा न मिळाल्याने तिने तेल ओढायला सुरुवात केली होती, ते अडवणारं तिचं सील बदललं. काम करता करता त्याने सांगितलं की इंजिनाचा जो धूर बाहेर जातो, त्याच्या जोराने एक चक्री फिरते आणि ती बाहेरची हवा दाबून आत घालते. बस. दुसरं इंजिन नाही, झोपणं नाही, उठणं नाही.

मी विचारलं, "और प्रीमियम?"

"डालना है तो डालो, बुरा नहीं है. लेकिन जिसका गला कोई दबा के बैठा हो, उसको बिर्यानी खिलाने से क्या होगा?"

कोंड्याचं काम मी सोडलं. पोत्यांची भाडी धरली. मंदाबाईंना आम्ही दवनीवाड्याला आणलं, त्या नवेगाव सोडायला तयार नव्हत्या, तरी आणलं. आंगणात कुणी सूप हातात घेतलं की अल्का त्याला वाऱ्याच्या पलीकडे धाडायची. भूपेंद्रला मी स्वतः सांगितलं, राजदीपच्या पंपावर, साधं डिझेल भरताना. तो पोट धरून हसेल असं वाटलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माया गाडीत कुठं असते गा तो फिल्टर?"

दोघं मिळून त्याच्या बॉनेटखाली वाकलो.

दोन हजार चौदाला मी तो ट्रक चिचगडच्या केवळराम नावाच्या माणसाला विकला. तो जंगलचा माल वाहायचा, हिरडा, मोहाची फुलं. भला माणूस. त्याने मला विचारलं, याच्यात डिझेल कोणतं घालायचं. तोवर प्रीमियम साध्यापेक्षा बरंच महाग झालं होतं. मी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं, मुरदोलीसकट, दवाखान्यासकट. डबा उघडून दाखवला. पुस्तकातलं पान दाखवलं. अल्काने दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. केवळराम लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर हाय भाऊ, समजलं."

पंपापर्यंत मी त्याच्यासोबत गेलो. राजदीप पुढे आला आणि त्याने विचारलं, साधं का प्रीमियम. मागे दोन ट्रक उभे होते, त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून पाहत होते. केवळरामने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रकच्या जाळीवरच्या पितळी अक्षरांकडे.

"टर्बो हाय ना," तो राजदीपला म्हणाला. "प्रीमियमच टाक."

मी त्याला किल्ली दिली आणि तिथेच डिझेल भरायला आलेल्या भूपेंद्रच्या ट्रकमध्ये बसून घरी आलो.